फॉस्फेटचे एकशे नव्वद ठोके

१

बुधला जागच्या जागी होता, बूच जागच्या जागी होतं, आतलं पाणीही दिसायला जसंच्या तसं होतं; आणि तरी आतला माल गायब होता. अशी चोरी मी एकतीस वर्षांत निदान दोनशे वेळा पाहिली आहे. फरक एवढाच, की माझ्या बुधल्यांत दारू असायची.

मी कृष्णाजी. मैसूर सरकारच्या अबकारी खात्यातला निवृत्त रसायन परीक्षक. आमचं घराणं चार पिढ्या बेंगळूरच्या चिकपेटेत साड्या विकतंय. मला प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची खोड, आणि साडीचा रंग जाईल की राहील हे गिऱ्हाइकाला खरं सांगायची त्याहून वाईट खोड. म्हणून वडिलांनी मला दुकानातून उचललं आणि सरकारी नोकरीत टाकलं. दोघांचंही भलं झालं.

१९६१च्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला माझी भाची प्रतिमा धापा टाकत घरी आली. ती एका विज्ञानसंस्थेत मोजणीचं काम करते. कशाची मोजणी, हे तिने मला पूर्वी तीनदा समजावलं होतं आणि मी तीनदा मान डोलावली होती. त्या दिवशी मात्र नीट ऐकलं.

"मामा, मुंबईच्या अणुभट्टीत गंधकापासून एक वेगळा फॉस्फरस बनवतात. तो सतत किरणं सोडतो. त्याचं फॉस्फेट करून पाण्यात घातलं की ते कुठे कुठे जातं याचा माग लागतो. यंत्राखाली धरलं की ठोके पडतात, ते मी मोजते."

"म्हणजे फॉस्फेटच्या पायात घुंगरू बांधायचे."

"तसंच. राजाजीनगरापलीकडचं केरे, ते मोठं तळं, शेवाळाने भरून चाललंय ना, त्यात हे ओतायचं होतं. मिनिटाला चार हजार आठशे ठोके होते. हा माल आपोआप कमी होत जातो, चौदा दिवसांत निम्मा. म्हणजे तीन दिवसांनी चार हजार दीडशे तरी हवेत. आज सकाळी मोजले तर एकशे नव्वद."

"बाकीचा गेला कुठे?"

"तेच तर. सुब्बारावसाहेब म्हणतात, आमचा शिपाई बसवंत, त्याने पूजेसाठी धुताना बुधला उपडा केला आणि भिऊन नळाचं पाणी भरून ठेवलं. संध्याकाळी पाचला मुंबईला पत्र जाणार. नोकरी गेली, घर गेलं, वर पोलीस." तिने खुंटीवरचा माझा कोट काढून पुढे केला. "मामा, बसवंतने असं केलेलं नाही. मी सगळी फरशी यंत्राने तपासली. मोरीसुद्धा. एक ठोका जास्त नाही."

मी कोट चढवला. ओतलेल्या मालाचा वास मोरीला येत नसेल, तर तो मोरीत गेलेलाच नसतो.

२

सुब्बाराव विभागाचे प्रमुख. घरी मराठी बोलणारे, बाहेर इंग्रजी, आणि रागावले की कानडी. मी पोचलो तेव्हा कानडी चालू होतं.

"तुम्ही दारूची माणसं," ते मला म्हणाले, "इथे तुमचं काय काम?"

"साहेब, तुम्ही पाचला पत्र धाडणार. मला साडेचारपर्यंत वेळ द्या. काही सापडलं नाही तर पत्र मी स्वतः पोस्टात टाकतो."

त्यांनी हात झटकला. ती परवानगी समजून मी कामाला लागलो.

बुधला म्हणजे वीस लिटरची जाड हिरवी काच, लाकडी खोक्यात पेंढा घालून बसवलेली. फक्त खांदे आणि मान वर दिसत. रबरी बुचातून एक नळी आत गेलेली, तिला बाहेरून चिमटा. बूच न काढता चिमटा सैल केला की थेंबभर पाणी बाहेर. सकाळी प्रतिमाने असंच घेतलं होतं. बुधल्याच्या मानेत झेंडूची माळ, केळीच्या सोपात, म्हणजे खुंटाच्या सालीच्या दोरीत, ओवलेली, आणि बुचावरून आणखी एक सोपाची पट्टी बांधलेली. खांद्यावर पाण्याच्या पातळीची खूण म्हणून कागदाची चिकटपट्टी. पाणी बरोबर खुणेला होतं.

बसवंत दाराशी उभा होता. वय पंचेचाळीस, निपाणीकडचा, संस्थेत बावीस वर्षं. कपाळावर विभूती, डोळे सुजलेले.

"बसवंत, पूजा तू केलीस?"

"व्हय अण्णा. म्हानवमीला दरसाल मीच करतोय. यंत्रं, सगळ्या काचा, तराजू. आयुधपूजा न्हवं का."

"बुधला धुतलास?"

"हात न्हाई लावला. साहेबांनी बजावलं होतं. नुसती इबूत ओढली, माळ घातली. शपथ घेऊ का?"

"शपथ नको, विभूती दाखव. कशी ओढलीस?"

तो पुढे आला आणि हवेतच तीन बोटं ओढून दाखवली. बुचाच्या माथ्यावरून सरळ खाली, काठ ओलांडून मानेपर्यंत, एका दमात. मी चष्मा पुसून वाकलो. मानेवरचे तीन पांढरे पट्टे दाराकडे तोंड करून होते. बुचावरचे तीन पट्टे खिडकीकडे.

"प्रतिमा, आज सकाळी कुणी बूच फिरवलं?"

"नाही मामा. कुणी हात लावला नाही."

"म्हणजे पूजेनंतर कुणीतरी हे बूच काढलंय आणि परत लावताना तिरकं बसवलंय."

सुब्बाराव मागून म्हणाले, "खोलीची किल्ली ह्याच्याकडेच असते. काढलं असेल ह्यानेच."

"साहेब, ह्याच्याकडे किल्ली होती म्हणूनच ह्याने नाही. ह्याला पूजेच्या आधीचा अख्खा दिवस मोकळा होता. आणि नंतर उघडलं असतं, तर विभूतीची डबी ह्याच्याच खिशात. तीन बोटं पुन्हा ओढायला कितीसा वेळ लागतो?"

सुब्बारावांनी तोंड वाकडं केलं; पटलेलं दिसत नव्हतं.

"बसवंत, पूजेनंतर खोली कधी बंद केलीस?"

"नऊला पूजा. मग आम्ही सगळी व्हरांड्यात परसाद खात होतो. बाराला कुलूप घातलं."

"मधे आत कोण गेलं?"

"कुणी न्हाई." तो थबकला. "म्हणजे... श्रीकांतसाहेब गेलते. एकटेच. दार लोटून घेतलं होतं त्यांनी."

३

श्रीकांत पुण्याचा, सत्तावीसचा, केस मागे वळवलेले. शेवाळाच्या कामावर त्याची डॉक्टरेट अवलंबून होती, आणि त्या कामावर सुब्बारावांनी स्वतःचं नाव आधी घातल्यापासून दोघांत बोलणं कामापुरतंच उरलं होतं. हे प्रतिमाने मला जिन्यातच सांगून ठेवलं होतं. भाचीला नोकरीला लावावं ते अशासाठी.

"हो, गेलो होतो आत," तो म्हणाला. "माझा स्लाइड रूल बसवंतने पूजेत मांडला होता. त्या दिवशी हत्यार वापरायचं नाही म्हणे. मला कॅल्क्युलेशन करायचं होतं. गुपचूप उचलला. दार लोटलं कारण बसवंतला वाईट वाटलं असतं."

"बुधल्याजवळ गेलात?"

"कशाला? आणि मी हे बिघडवीन कशाला? सहा महिने पत्रव्यवहार करून हा माल मिळाला. माझा थीसिस आहे त्यावर."

"थीसिस तुमचा, नाव साहेबांचं."

त्याचे कान लाल झाले. "राग आहे मला. लपवत नाही. पण रागापायी मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणार नाही."

"बूच तुम्हीच लावलं होतं ना? कशाने बांधलं?"

"सुतळीने. दोन गाठी."

मी बुधल्याकडे पाहिलं. सुतळी नव्हती. केळीचा सोप होता, आणि पूजेच्या माळेशेजारी तो इतका शोभत होता की सकाळपासून चार शिकलेल्या माणसांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. मीही धरून.

"पाणी भरलंत तेव्हा आंबट होतं का?"

"आंबट?"

"अ‍ॅसिड हो."

"अर्थात. थोडं अ‍ॅसिड ठेवावंच लागतं, फॉस्फेट विरघळलेलं राहतं. निळा लिटमस लाल होत होता, मी स्वतः पाहिलाय."

आता माझ्या धंद्याची गोष्ट सांगतो. दारूत पाणी मिसळणारा चोर दारू कमी करतो, पण तिच्याबरोबर बाकीचंही सगळं त्याच प्रमाणात कमी होतं. एकच गोष्ट कमी झाली आणि दुसरी उलटी फिरली, तर ती चोरी नव्हे. तिथे कुणीतरी काहीतरी घातलेलं असतं. मी चिमटा सैल करून एक थेंब निळ्या कागदावर सोडला. बसवंतने नळाचं पाणी भरलं असतं, तर कागद होता तसा राहिला असता. तो निळाच राहिला. सुब्बाराव म्हणाले, "बघा. नळाचं पाणी."

"स्वल्प थांबा," मी म्हणालो, आणि दुसरा थेंब लाल कागदावर सोडला.

लाल कागद सावकाश निळा झाला.

४

पहिला उठला तो श्रीकांत.

"अल्कली? नळाच्या पाण्याने एवढं होणार नाही."

"नाही होणार. आता मला एक लांब काचेची नळी द्या. ही तुमची बुचातली नळी कुठवर जाते?"

"मधोमध."

"तुम्ही मधलं पाणी मोजता. आमच्या खात्यात पहिला धडा तळाचा. पिंपाचा मालक वरचं प्यायला देतो, खरं असतं ते खाली."

मी पट्टी तशीच्या तशी सरकवून बाजूला ठेवली, बूच काढलं, नळीचं वरचं तोंड अंगठ्याने दाबून ती तळापर्यंत सोडली, अंगठा क्षणभर उचलला आणि पुन्हा दाबला. वर आणली तेव्हा नळीत पाण्याबरोबर बोटभर पांढरा गाळ होता, ताकातल्या चोथ्यासारखा. प्रतिमाने हातमोजे घालून त्यातला थेंब एका छोट्या थाळीत घेतला, दिव्याखाली वाळवला, आणि शिशाच्या जाड घरात यंत्राखाली ठेवला.

यंत्र एरवी टक, टक करतं. ह्या वेळी टकटक मोजताच येईना, एक सलग कुरकुर सुरू झाली. समोरचे आकडे पळायला लागले. प्रतिमाने थाळी बाहेर काढली आणि खाली बसली.

"सगळं इथेच आहे," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. "मामा, सगळं आतच आहे."

"बाहेरून कसं कळलं नाही?" मी विचारलं.

"ह्याची किरणं एवढ्या जाड काचेतून जवळजवळ बाहेर येतच नाहीत."

श्रीकांतने गाळ उजेडात धरला. "चुना. चुन्याने फॉस्फेट खाली बसतं. कुणीतरी चुना टाकलाय."

"किती?"

"चिमूट पुरली असती. इथे मूठभर तरी आहे."

"म्हणजे तुम्हीही सुटलात," मी त्याला म्हणालो. "तुम्ही टाकला असता तर तोलून टाकला असता."

सुब्बारावांचा चेहरा मात्र खुलला नाही. "चोरी नाही, मान्य. पण मग हा घातपात आहे. आणि पूजेला चुना कुणी आणला होता? कोहळा फोडायला, हळदीत कालवायला चुना होता ना? बसवंत?"

बसवंतने हात जोडले. "होता साहेब. मडकं भरून."

"पत्र पाचला जाईल," सुब्बाराव म्हणाले. "फक्त मजकूर बदलेल."

५

घड्याळात एक वाजला होता. मी ती सोपाची पट्टी खिडकीत नेऊन पाहिली. गाठ नव्हती. दोन टोकांना पीळ देऊन पीळ आत खोचलेला. माळी फुलांच्या माळेला गाठ मारतो. शेजारच्या झेंडूच्या माळेला होती. पीळ देऊन खोचणारे हात वेगळे.

"बसवंत, नीट आठव. श्रीकांतसाहेब सोडून आत कोण गेलं?"

"कुणी न्हाई अण्णा."

"कुणी टोपली, मडकं, काही न्यायला?"

"ते तर सकवारबाई गेली होती की. कोहळा आन् केळीचे खुंट आणते ती दरसाल. चुन्याचं मडकं आन् टोपली तिचीच." तो माझ्याकडे बघत राहिला. "पण ती काय कुणी म्हणून न्हाई, अण्णा. ती आपली सकवारबाई."

मी जटका, म्हणजे आमच्याकडचा टांगा, केला. केरेच्या बांधाखाली भाजीचे मळे आहेत, त्यातला एक सकवारबाईचा. तीन पिढ्यांमागे सैन्याबरोबर आलेलं मराठी घर. आता त्या मळ्यावर सहा तोंडं. केरेचं पाणी पाटाने येतं आणि त्यावर चवळई, मेथी, दंट म्हणजे जाड देठाचा माठ उभा राहतो. मी पोचलो तेव्हा बाई जुड्या बांधत बसली होती. मी एक जुडी उचलली. केळीचा सोप, दोन टोकांना पीळ, पीळ आत खोचलेला.

"केवढ्याला, अक्का?"

"दोन आण्याला. पण तुम्ही भाजीला आलेला न्हाई, अण्णा. कोट घालून कुणी भाजीला येत न्हाई."

मी खिशातली पट्टी तिच्यासमोर ठेवली. तिने ती पाहिली, आणि हातातली जुडी पुरी बांधून मगच बोलली.

"व्हय. मीच टाकला."

"का?"

"ते इख केरेत वतणार होते. हे पाणी माझ्या भाजीला जातं. भाजी माझी पोरं खातात, सगळं राजाजीनगर खातं. विहिरीत काही पडलं, तर आपण चुना टाकतो. चुना घाण तळाला नेतो. माझ्या हातात चुना होता आन् समोर ते इख. सुतळी सुटंना, इळीनं कापली, मूठ टाकली. पाणी न्हाई काढलं, काही न्हाई घेतलं."

"अक्का, त्यापायी बसवंतची नोकरी जातेय. आज पाचला."

ती उठून उभी राहिली. आता तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली, माझी नव्हे. "बसवंतची? त्याचा काय संबंध? चला, मी येते."

"एक सांगा. ते विष आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

तिने नाव सांगितलं. मी जटक्यात बसेपर्यंत तीनदा तिला विचारून खात्री करून घेतली.

६

साडेचारला आम्ही सुब्बारावांच्या खोलीत होतो. टेबलावर पाकीट तयार. बसवंत दाराशी, श्रीकांत खिडकीत.

"हिने टाकला," मी म्हणालो, आणि पट्टी, जुडी, तिरकं बूच, लिटमस सगळं क्रमाने सांगितलं. मला असं क्रमाने सांगायला फार आवडतं, आणि ऐकणाऱ्याला मधे बोलू द्यायला अजिबात नाही.

सुब्बारावांनी सकवारबाईकडे पाहिलं. "तुला कळतं का तू काय केलंस? विष म्हणे. मात्रा इतकी थोडी आहे, की तळ्यात पसरली की कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही. हे विष आहे असं कुणी भरवलं तुला? ह्या बसवंतने?"

"न्हाई साहेब. तुमच्या घरच्या अक्कांनी."

"कोण?"

"तुमच्या मंडळींनी, इंदिराबाईंनी. दहा वर्सं रोज तुमच्याकडं भाजी घालते. गेल्या आठवड्यात गेले, तर म्हणाल्या, दोन महिने नको. साहेबांनी घरात सांगितलंय, केरेवरची भाजी आणायची न्हाई, त्यात काहीतरी वतणार हाईत."

सुब्बारावांनी पाकिटावरचा हात उचलला. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.

"साहेब," मी म्हणालो, "बुधला उघडला तो ह्या बाईने. पण ती भीती तुमच्या स्वयंपाकघरातून निघाली."

त्यांनी पाकीट बाजूला सारलं. मग बोलले ते मराठीतच बोलले.

"मी गणित तीनदा केलं होतं. काही होणार नाही हे मला माहीत आहे. तरी घरी मुलं आहेत, म्हणून भीती वाटली. मोजलेलं होतं आणि तरी वाटली."

"मलाबी वाटली," सकवारबाई म्हणाली. "माझ्याकडं तर मोजलेलंबी नव्हतं."

तेवढ्यात प्रतिमा आत आली. तिने बुधल्यात सावकाश अ‍ॅसिड सोडून गाळ पुन्हा विरघळवला होता आणि मधल्या नळीतून थेंब घेऊन मोजला होता. "चार हजार ऐंशी," ती म्हणाली. "सगळं परत आलं."

श्रीकांतने एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. सुब्बारावांनी पाकीट चार तुकडे करून टोपलीत टाकलं आणि उठून बसवंतसमोर गेले.

"बसवंत, मी चुकलो. बावीस वर्षांच्या माणसाला मी एक प्रश्नही नीट विचारला नाही. माफ कर. उद्या सकाळी बुधला केरेवर न्यायचाय. उचलशील?"

बसवंतने डोळे पुसले. पण मान हलवली ती आडवी.

"उचलीन साहेब. आधी तुम्ही रिकाम्या हातांनी या आन् मळेवाल्यांना सांगा काय हाय ते. मग उचलीन."

शिपायाने प्रमुखाला अट घालायची, हे त्या संस्थेत कधी घडलं नसावं. मी सुब्बारावांच्या रागाची वाट पाहत राहिलो. कानडी आलंही, पण एकच शब्द.

"सरी," ते म्हणाले. म्हणजे बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला केरेच्या बांधावर साठ-पासष्ट माणसं जमली. सुब्बाराव घामाघूम होऊन कानडीत सांगत होते, हे काय आहे, किती आहे, चौदा दिवसांत निम्मं कसं होतं, आणखी चौदा दिवसांत त्याचं निम्मं कसं होतं. इंदिराबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, सकवारबाईशेजारी. सगळं ऐकून सकवारबाईने विचारलं, "मग तेवढे दिवस आमच्या भाजीला पाणी कुठलं?"

ह्याचा हिशेब सुब्बारावांच्या गणितात नव्हता, आणि तसं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं.

त्या दिवशी बुधला ओतला गेला नाही. संस्थेने आधी बांधाखालच्या जुन्या विहिरीवर पंप बसवून दिला, त्याला दोन आठवडे लागले. पाट विहिरीच्या पाण्याने वाहायला लागले, तेव्हा बसवंतने बुधला उचलला. तोवर ठोके निम्म्यावर आले होते, पण मोजायला ते पुरेसे होते.